समुपदेशक सल्ला का देत नाहीत?

व्यक्तिकेंद्रित समुपदेशनाविषयी अलीकडे बरीच पत्रे आली. काही वाचक ते सुरू करण्याच्या बेतात आहेत, काही सुरू करून गोंधळले आहेत, आणि एका पत्रलेखकांची मुलगी ते घेत आहे. त्यामुळे या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी 36 वर्षांची असून एका सहकारी बँकेत नोकरी करते. दीड वर्षापासून सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांचे सर्व काही मलाच करावे लागते. रात्री झोप लागत नाही आणि मुलावर विनाकारण ओरडले जाते. आमच्या डॉक्टरांनी तपासण्या करून शारीरिक दोष नसल्याचे सांगितले व समुपदेशनाचा सल्ला दिला. ज्या बाईंची वेळ घेतली आहे, त्यांच्या माहितीपत्रकात ‘व्यक्तिकेंद्रित समुपदेशन’ असे लिहिले आहे. पहिल्या भेटीत नेमके काय होते? काय तयारी करून जावे? मी काय करावे ते त्या सांगतील ना?
— स. द., सांगली

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. काय करायचे, हे त्या बाई तुम्हाला बहुधा सांगणार नाहीत. सासूबाईंसाठी मदतनीस ठेवावी का, नणंदेशी स्पष्ट बोलावे का, नोकरी सोडावी का, यांपैकी कशावरही ‘असे करा’ असे उत्तर मिळणार नाही. हे आधीच ठाऊक असलेले बरे. आपल्याकडे अडचणीत सापडलेला माणूस ज्याच्याकडे जातो, मग तो थोरला भाऊ असो, घरचे डॉक्टर असोत की गुरुजी, तो सल्ला देतोच; त्यामुळे सल्ला न घेता परत आले की वेळ आणि पैसे दोन्ही वाया गेले असे वाटू लागते. दोन-तीन भेटींनंतर समुपदेशन सोडून देणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात हेच असते, असा माझा अनुभव आहे.

सल्ला न देण्यामागे कोरडेपणा नसतो, एक पक्का विचार असतो. ही पद्धत घडवणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (1902–1987) हे 1928 पासून बारा वर्षे न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात मुलांच्या समस्यांवर काम करत होते. तेव्हाची एक हकिकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. एका वांड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. आईने मुलाला लहानपणी मनापासून स्वीकारले नाही, हे त्याच्या वागण्याचे मूळ आहे, असा निष्कर्ष रॉजर्स यांनी काढला होता आणि तो तिला उमगावा म्हणून अनेक भेटींत त्यांनी सौम्यपणे, चिकाटीने प्रयत्न केले. काही साधले नाही. अखेर, आपण दोघांनीही प्रयत्न केले पण जमले नाही, तेव्हा आता थांबावे, असे त्यांनी सुचवले आणि तिनेही ते मान्य केले. निरोप घेऊन दाराकडे निघालेली ती बाई वळली आणि तिने विचारले, की इथे मोठ्या माणसांचेही समुपदेशन करतात का? होकार मिळताच ती खुर्चीवर परत येऊन बसली आणि आपल्या संसाराविषयी, नवऱ्याशी बिनसलेल्या नात्याविषयी, स्वतःच्या हताशपणाविषयी बोलू लागली. तोवर तिने सांगितलेल्या नीटनेटक्या माहितीत यातले काहीच नव्हते. उपचार खऱ्या अर्थाने त्या क्षणी सुरू झाले आणि पुढे मुलाच्या वागण्यातही फरक पडला. दुखते कुठे आणि कोणत्या दिशेने जायला हवे, हे त्या व्यक्तीलाच ठाऊक असते, ही गोष्ट रॉजर्स यांच्या मनावर त्यातून ठसली. 1940च्या दशकात त्यांनी तिच्यावर आधारलेली पद्धत मांडायला सुरुवात केली आणि 1957च्या एका लेखात तिच्या अटी स्पष्ट केल्या. समुपदेशकाकडून तीन गोष्टींची अपेक्षा त्यांनी ठेवली : समोरच्याच्या जागी जाऊन त्याचे जग समजून घेणे, त्याचा विनाअट स्वीकार करणे, आणि स्वतः मुखवटा न घालता खरेपणाने वागणे.

आता पहिल्या भेटीविषयी. भेट साधारणपणे 45 ते 60 मिनिटांची असते आणि बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा ठरवली जाते. सुरुवातीची काही मिनिटे व्यवहाराच्या बोलण्यात जातात : नाव, वय, आधीचे आजार, चालू औषधे, फी किती, भेट रद्द करायची असल्यास किती आधी कळवायचे, आणि तुम्ही सांगितलेले कोणापर्यंत जाईल व जाणार नाही. या वेळी तुम्हीही प्रश्न विचारा. त्यांचे शिक्षण कोणते, व्यक्तिकेंद्रित पद्धतीचे प्रशिक्षण कुठे घेतले, त्या स्वतः कोणा अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करतात का, हे विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या सर्वांचे शिक्षण आपल्याकडे सारखे नसते. काहींनी मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते, तर काहींचे शिक्षण थोड्या दिवसांच्या अभ्यासक्रमावर संपलेले असते. या प्रश्नांनी चिडणाऱ्या समुपदेशकाकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर बाई बहुधा इतकेच विचारतील, ‘कुठून सुरुवात करावीशी वाटते?’ आणि थांबतील. प्रश्नांची यादी येणार नाही. ही शांतता अवघड वाटते आणि ती भरून काढण्यासाठी आपण भराभर बोलत सुटतो किंवा ‘तुम्हीच विचारा ना मॅडम’ असे म्हणतो. दोन्ही चालते. ‘काय बोलावे तेच सुचत नाही’ हे वाक्यही सुरुवातीला पुरते. म्हणूनच वेगळी तयारी लागत नाही. डॉक्टरांचे कागद मात्र जवळ ठेवा. बालपणाविषयी बोलणे बंधनकारक नाही; तुम्हाला आठवले आणि बोलावेसे वाटले, तर तो विषय निघेल. एखाद्या गोष्टीबद्दल बोलायचे नसेल, तर ‘आज हे नको’ असे सांगावे आणि त्याचे कारण देण्याची गरज नाही.

मग बाई करतात तरी काय? समजा, तुम्ही म्हणालात, ‘सासूबाईंचं सगळं मी करते. पण घरात कोणी विचारतसुद्धा नाही, की तू जेवलीस का.’ त्यावर नात्यातली एखादी मावशी म्हणेल, ‘सगळ्यांच्या घरी असंच असतं गं.’ मैत्रीण म्हणेल, ‘नवऱ्याला स्पष्ट सांग.’ समुपदेशक कदाचित म्हणतील, ‘कष्टांपेक्षाही, ते कोणाच्या लक्षात येत नाहीत, याचा त्रास जास्त होतोय, असं आहे का?’ तुम्ही क्षणभर थांबाल आणि म्हणाल, ‘नाही. लक्षात येतं त्यांच्या. लक्षात येऊनही गप्प बसतात.’ या भेटीतला सगळ्यांत मोलाचा क्षण हाच. बाईंचा अंदाज थोडा चुकला, तुम्ही तो दुरुस्त केलात, आणि दुरुस्त करता करता आजवर स्वतःशीही न उच्चारलेले वाक्य तुमच्या तोंडून निघाले. अशा वेळी संकोचाने ‘हो, तसंच’ म्हणून पुढे जाऊ नका. ‘नाही, तसं नाही’ असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे, आणि चांगल्या समुपदेशकाला ते हवेच असते.

तुमच्या पत्रावरून सुचलेली आणखी एक गोष्ट इथे लिहिते. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांच्या मनात कधीतरी ‘हे सारे लवकर संपावे’ असा विचार येऊन जातो आणि त्याबद्दल त्यांना स्वतःची भयंकर शरम वाटते. तो तुमच्या मनात आला असेलच असे मी म्हणत नाही. पण आला असेल, तर तो ज्या खोलीत बोलून दाखवता येईल आणि ऐकणारी व्यक्ती दचकणार नाही, ‘असं बोलू नये’ असेही म्हणणार नाही, अशी ही खोली असायला हवी. विनाअट स्वीकार म्हणतात तो हाच. त्याचा अर्थ तुमची प्रत्येक कृती योग्य ठरवणे असा नाही. काहीही बोललात तरी माणूस म्हणून तुमची किंमत त्यांच्या लेखी कमी होत नाही, इतकाच आहे.

भेटीनंतर हलके वाटेलच असे नाही. काहींना थकवा येतो, काहींना त्या दिवशी जास्त रडू येते. त्यामुळे बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन लगेच काउंटरवर बसावे लागेल अशी वेळ घेऊ नका. एकूण किती भेटी लागतील, हे पहिल्याच दिवशी कोणी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. पाच-सहा भेटींनंतर दोघींनी मिळून आढावा घ्यावा, असे आधीच ठरवून घ्या.

प्रश्न : मी 42 वर्षांचा अभियंता आहे. कामावरचा ताण आणि चिडचिड यांसाठी समुपदेशकांकडे तीन वेळा गेलो. ते माझेच बोलणे थोडे शब्द बदलून मला परत ऐकवतात. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवरची मराठी पुस्तके मी वाचली आहेत. त्यात चुकीच्या विचारांवर थेट बोट ठेवतात आणि गृहपाठ देतात. इथे तसे काहीच नाही. केवळ ऐकून घेण्याचे पैसे द्यायचे का?
— अ. कु., पुणे

उत्तर : तुमची तक्रार मला गंभीर वाटते आणि तिच्यामागे दोन वेगवेगळी कारणे असू शकतात.

पहिले कारण अपेक्षेचे. मराठी वाचकांना मानसोपचारांची ओळख मोठ्या प्रमाणावर अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीतून झाली आहे, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय कि. मो. फडके यांच्या लेखनाला व प्रशिक्षणाला जाते. त्या पद्धतीत समुपदेशक शिक्षकासारखा सक्रिय असतो. तो वाद घालतो, पुरावा मागतो, घरी करायला अभ्यास देतो. व्यक्तिकेंद्रित पद्धत त्याहून मुळातच वेगळी आहे. 1964 साली अमेरिकेत एकाच स्त्रीची एलिस, रॉजर्स आणि गेस्टाल्ट नावाची तिसरी उपचारपद्धत मांडणारे फ्रिट्झ पर्ल्स या तिघांशी झालेली स्वतंत्र संभाषणे चित्रित केली गेली. घटस्फोटानंतरच्या आपल्या संबंधांविषयी लहान मुलीने विचारलेल्या प्रश्नाला आपण खोटे उत्तर दिले, याची टोचणी त्या स्त्रीला लागली होती, आणि मुलीला खरे सांगावे की नाही, हे तिला रॉजर्स यांच्याकडून ऐकायचे होते. तिने पुन्हा पुन्हा विचारले. तिला उत्तर हवे आहे हे त्यांनी ओळखले, तसे बोलूनही दाखवले, पण तो निर्णय तिच्या हातून काढून घेतला नाही. हळूहळू तिला हवे होते ते तिच्याच बोलण्यातून पुढे येत गेले. हा प्रकार सर्वांना रुचतो असे नाही, आणि ज्यांना तर्काने, टप्प्याटप्प्याने जाणे मानवते, त्यांनी विवेकनिष्ठ किंवा बोधात्मक वर्तन उपचारांची (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारे उपचार) वाट धरण्यात कमीपणा मानू नये.

दुसरे कारण मात्र समुपदेशकाच्या बाजूचे आहे. माणसाचे वाक्य उचलून शेवटी ‘असं तुम्हाला वाटतं’ एवढे जोडणे, हे या पद्धतीचे विडंबन आहे. रॉजर्स यांना स्वतःलाच त्याचा त्रास होत असे. मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1986 मध्ये, त्यांनी लिहून ठेवले, की आपण भावनांचे प्रतिबिंब दाखवत नाही, तर समोरच्याचे म्हणणे आपल्याला बरोबर कळले आहे का, हे त्याच्याकडूनच तपासून घेतो. या दोहोंत मोठा फरक आहे. तपासून घेणाऱ्याला तुमच्या उत्तराची खरोखर उत्सुकता असते. प्रतिध्वनी काढणाऱ्याला ती नसते, आणि समोर बसलेल्या माणसाला ते लगेच जाणवते.

तुमच्या बाबतीत यांपैकी काय घडते आहे, हे मी पुण्याबाहेर बसून सांगू शकत नाही, पण ते कळण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. तुम्ही मला जे लिहिले आहे, तेच पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर बोला : ‘सर, तुम्ही माझंच बोलणं मला ऐकवता असं वाटतं आणि माझे पैसे वाया जात आहेत असं वाटतं.’ मग नीट ऐका. ते दुखावले, बचाव करू लागले किंवा ‘यावर तुम्हाला काय वाटतं?’ असे म्हणून प्रश्न तुमच्याकडेच टोलवला, तर समुपदेशक बदला. ते थांबले, तुमच्या नाराजीत त्यांनी रस घेतला, नेमके कोणत्या वेळी तसे वाटले हे विचारले, आणि पटले तर आपली चूकही मान्य केली, तर आणखी तीन-चार भेटी जरूर द्या. वरिष्ठांसमोर न बोलता आलेली चीड घरी बाहेर पडते, असे अनेकांचे होते. तुमचेही तसे असेल, तर एका जाणकार माणसासमोर नाराजी तोंडावर बोलून दाखवणे आणि त्यानंतरही नाते टिकते हे पाहणे, हाच कदाचित तुमच्यासाठी उपचाराचा मोठा भाग ठरेल.

या पद्धतीचा उपयोग होतो का, याविषयी एक माहिती देते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे नैराश्याच्या पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेला तुलनात्मक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित अनुभवाधारित समुपदेशन हे बोधात्मक वर्तन उपचारांच्या तोडीचे ठरले. बारा महिन्यांनी मात्र बोधात्मक वर्तन उपचार उजवे दिसले. नुसत्या ऐकण्याने काही होत नाही, हे म्हणणे यावरून टिकत नाही, आणि हीच पद्धत सर्वश्रेष्ठ आहे हा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावाही टिकत नाही.

प्रश्न : आमची मुलगी 19 वर्षांची असून शिक्षणासाठी वसतिगृहात राहते. महाविद्यालयातल्या समुपदेशकांकडे ती चार महिन्यांपासून जाते. आम्ही फोन करून विचारले, तर ‘मी काही सांगू शकत नाही’ असे उत्तर मिळाले. आम्ही आईवडील आहोत, आम्हाला कळायला नको का?
— एक पालक, जळगाव

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकते, तरीही त्या समुपदेशकांनी योग्य तेच केले. मुलगी सज्ञान आहे आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने माहितीची गुप्तता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क मानला आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी आपले बोलणे घरी पोहोचते असा संशय एकदा आला, की मुलगी तिथे जाईल, पण बोलणार नाही. गुप्ततेला अपवाद असतात, आणि बहुतेक समुपदेशक ते पहिल्याच भेटीत सांगतात : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळणे, ज्याची खबर देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. त्यामुळे जिवावर बेतण्यासारखे काही असेल, तर तुम्हाला अंधारात ठेवले जाईल असे मानू नका.

मुलीला ‘तिथे काय बोलतेस?’ असे विचारू नका. ‘तू जातेस हे आम्हाला बरं वाटतं, कधी काही सांगावंसं वाटलं, तर आम्ही ऐकू,’ असे एकदाच म्हणा आणि नंतर तो विषय तिच्यावर सोडा. ती सुट्टीत घरी आल्यावर नातेवाइकांसमोर याची चर्चा होणार नाही, एवढी खबरदारी मात्र घ्या.

प्रश्न : माझ्या भावाला कानात आवाज ऐकू येतात आणि शेजारी आपल्यावर नजर ठेवतात असे त्याला वाटते. औषधांची त्याला भीती वाटते. मन लावून ऐकणाऱ्या समुपदेशकाकडे नेले तर औषधे टळतील का?
— म. श., लातूर

उत्तर : नाही. त्याला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, आणि यात दिरंगाई करू नका. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांवर केवळ संवादाने उपचार होत नाहीत. रॉजर्स यांनीही 1957 नंतर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या एका मनोरुग्णालयात छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) रुग्णांवर आपली पद्धत वापरून पाहिली होती, पण तिथले निष्कर्ष त्यांनी आशा धरली होती तितके अनुकूल आले नाहीत. औषधांनी भाऊ स्थिरावला, की त्याचे ऐकून घेणाऱ्या समुपदेशकाची जोड देता येईल, आणि ती उपयोगीही पडेल. तो यायला तयार नसेल, तर पुढे काय करावे हे विचारण्यासाठी टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन करू शकता. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त बंगळूरुला राहतो. इथे चांगले समुपदेशक आहेत, पण ते इंग्रजीत बोलतात. मला इंग्रजी उत्तम येते. तरी मराठी समुपदेशक शोधावा का?
— र. प., बंगळूरु

उत्तर : शक्य असेल तर शोधावा. या पद्धतीत तुमचे स्वतःचे शब्दच सगळे काम करतात. इंग्रजीतून कामकाज उत्तम करणारी अनेक माणसे आईविषयी बोलू लागली की अडखळतात किंवा फार व्यवस्थित, कोरडी वाक्ये बोलतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. ‘घुसमट’, ‘हिरमुसणे’, ‘जीव तुटणे’ असे शब्द जसेच्या तसे बोलता येणे मोलाचे असते. महाराष्ट्रातले अनेक समुपदेशक आता व्हिडिओ कॉलवर भेटी देतात. तशी सोय असेल, तर घरात एकांत मिळेल अशी जागा आणि वेळ मात्र आधी पक्की करा. मराठी समुपदेशक मिळाला नाही, तर इथल्याच समुपदेशकांना पहिल्या फोनवर विचारा, की मध्येच मराठीत बोलले आणि मग अर्थ सांगितला तर चालेल का. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील.